मोठ्या घराचा चोर-अलार्म: वायर ओढण्याआधी कागदावर काय ठरवायचं

अलार्म बसवायला माणूस बोलावला की त्याचा पहिला प्रश्न असतो, "सेन्सर किती टाकू?" त्याचं उत्तर लगेच देऊ नका. आधी हे ठरवा की रात्री सगळे झोपलेले असताना घराचा कोणता भाग पहाऱ्यावर राहील आणि कुठे घरच्यांना मोकळेपणी फिरता येईल. रात्री दीडला आजोबा पाणी प्यायला उठले आणि भोंगा बोंबलला, असं दोनदा झालं की तिसऱ्या रात्रीपासून घरचे अलार्म लावायचंच सोडतात. पॅनेल, म्हणजे सगळे सेन्सर जोडलेली मुख्य पेटी, भिंतीवर असतं, दिवा लुकलुकत असतो आणि घर मात्र उघडंच. म्हणून पुढचा प्रत्येक निर्णय एकाच कसोटीवर तपासा: हे रोज रात्री, कुरकुर न करता, लावलं जाईल का?

उदाहरणाला एक घर धरू. तळमजला, पहिला मजला, वर गच्ची, बांधकाम साधारण ३५०० चौरस फूट. खाली मुख्य दार, पार्किंगकडचं दार, स्वयंपाकघराचं मागचं दार, हॉलमधून व्हरांड्यात जाणारं काचेचं सरकतं दार आणि गजाच्या ९ खिडक्या. वर दोन बाल्कन्या, आणि जिना जिथे संपतो तिथे गच्चीचं दार. प्लास्टर व्हायचं असेल तर उत्तम. झालं असेल तरी काम होतं, फक्त वायर झाकणारी केसिंग-पट्टी दिसेल.

आधी घराभोवती फेरी

घराचा नकाशा हातात घ्या आणि बाहेरून चाला. चोराच्या नजरेने बघा. शेजाऱ्याच्या पत्र्यावरून बाल्कनीत पाय ठेवता येतो का? ड्रेनेजचा पाइप गच्चीपर्यंत जातो का? बाथरूमच्या काचपट्ट्यांच्या खिडकीला गज आहेत का? कडी-कोयंडा बाहेरून दिसतो असं दार कोणतं? प्रत्येक जागेला नकाशावर लाल फुली मारा. मोठ्या घरात गच्चीचं दार हमखास विसरलं जातं. ते पातळ पत्र्याचं असतं, आतून नुसती कडी असते, आणि एकदा वर पोचलेल्या माणसाला तिथे कोणी बघत नाही.

मग हिरव्या पेनाने रात्रीचे रस्ते आखा: बेडरूम ते बाथरूम, बेडरूम ते स्वयंपाकघर. जिथे हिरवी रेघ जाते तिथला हालचाल टिपणारा सेन्सर रात्री बंद राहणार, हे गृहीत धरा. म्हणजे रात्रीचा सगळा भार दारं, खिडक्या आणि गजांवर येतो. चोर आत आल्यावर कळण्यापेक्षा तो गज वाकवत असताना कळणं केव्हाही बरं, कारण घरात माणसं असताना तुम्हाला त्याच्याशी समोरासमोर गाठ नको आहे.

झोनची यादी

झोन म्हणजे पॅनेलला वेगळा ओळखता येणारा एक भाग. या घराला ८ झोनचं पॅनेल पुरत नाही. १६ झोनचं घ्या. वाटणी अशी:

१. मुख्य दार (विलंबाने, म्हणजे कोड टाकायला काही सेकंद देऊन)
२. पार्किंगकडचं दार (विलंबाने)
३. स्वयंपाकघराचं मागचं दार
४. हॉलचं सरकतं दार
५. तळमजल्याच्या रस्त्याकडच्या ५ खिडक्यांचे गज
६. मागच्या ४ खिडक्यांचे गज
७. दोन्ही बाल्कन्यांची दारं
८. गच्चीचं दार
९ ते १२. हॉल, जेवणाची जागा, खालचा जिना आणि वरचा पॅसेज यांतले हालचाल सेन्सर
१३. कपाटाची किंवा तिजोरीची खोली, हालचाल सेन्सर
१४. पॅनिक बटणं, म्हणजे संकटात हाताने दाबायची, २४ तास चालू
१५. टॅम्पर, म्हणजे कोणी सेन्सरचं झाकण उघडलं किंवा वायर कापली तर. हाही २४ तास
१६. मोकळा ठेवा. वर्षभरात कुठे ना कुठे लागतोच.

"झोन वाचवतो" म्हणून कोणी सगळी दारं एका झोनवर घ्यायला सांगितली तर ऐकू नका. रात्री भोंगा वाजल्यावर कीपॅडवर "झोन ३" दिसलं तर कुठे बघायचं ते कळतं. सगळं एकत्र असेल तर अंधारात घरभर फिरावं लागतं, आणि खोटा अलार्म कुठून येतोय ते महिनोन्‌महिने सापडत नाही.

कुठे कोणता सेन्सर

दारांना चुंबकी संपर्क, म्हणजे चौकटीवर रीड स्विच (चुंबक जवळ असला की जोडला जाणारा) आणि फळीवर लोहचुंबक. तो बिजागरीच्या बाजूला लावू नका, तिथे दार बरंच उघडलं तरी अंतर फारसं वाढत नाही. उघडणाऱ्या बाजूला, वरच्या कोपऱ्यापासून १० ते १५ सेंटिमीटरवर लावा. दार बंद असताना दोघांत ५ मिलिमीटरच्या आसपास फट असावी. लाकडी दारावर साधा संपर्क १५ ते २० मिलिमीटरपर्यंत काम करतो, पण लोखंडी दारावर लोखंड चुंबकाचं क्षेत्र ओढून घेतं आणि हे अंतर निम्म्यावर येतं. गच्चीच्या पत्र्याच्या दाराला म्हणून धातूच्या दारांसाठी असलेला जाड, मोठ्या चुंबकाचा संपर्क मागा. पावसाळ्यात फ्लश डोअर फुगतं आणि उन्हाळ्यात आक्रसतं. श्रावणात नीट बसवलेला संपर्क एप्रिलमध्ये वाऱ्याच्या झुळकीने वाजतो तो यामुळे. कडी ढिली असेल तर आधी सुतार बोलावून कडी घट्ट करून घ्या.

खिडक्यांसाठी आपल्याकडे वेगळा विचार लागतो. आपण खिडक्या उघड्या ठेवून झोपतो, गज असतात म्हणून. तावदानाला चुंबकी संपर्क लावला तर हवेसाठी खिडकी उघडी असताना अलार्म चालूच करता येणार नाही. म्हणून इथे गजाच्या चौकटीवर कंपन सेन्सर लावा. खिडकी उघडी असली तरी गज कापायला किंवा कटावणी घालायला सुरुवात झाली की तो बोलतो. चौकटीवर घट्ट, स्क्रूने बसवा. दोन्ही बाजूंनी चिकटणाऱ्या टेपवर लावला तर कंपन टेपमध्येच मुरतं. संवेदनशीलता आधी कमी ठेवून, स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने गजावर ठोकत हळूहळू वाढवा. एका टकटकीवर वाजणारी सेटिंग नको. थोड्या वेळात तीन-चार ठोके पडले तरच वाजेल अशी ठेवा, म्हणजे खिडकीवर आपटलेलं कबुतर किंवा दिवाळीतला सुतळी बॉम्ब तुम्हाला उठवणार नाही.

हालचाल सेन्सर म्हणजे पीआयआर. तो उष्णता टिपतो. माणूस त्याच्या समोरून आडवा गेला तर लगेच पकडतो, सरळ त्याच्या दिशेने चालत आला तर उशिरा. म्हणून दारासमोरच्या भिंतीवर न लावता अशा कोपऱ्यात लावा की आत येणाऱ्याला त्याच्या नजरेला छेद द्यावाच लागेल. उंची ७ ते साडेसात फूट. खाली टाळायच्या जागा: ऊन येणारी खिडकी, एसीचा झोत, फ्रिजची मागची बाजू, गॅसची शेगडी, आणि देवघर. समईची ज्योत ही हलणारी उष्णता आहे. पंख्याने हलणारा पडदाही त्रास देतो.

एक मर्यादा लक्षात ठेवा. भिंत आणि माणसाची त्वचा यांच्या तापमानात फरक असतो म्हणून पीआयआरला माणूस दिसतो. मे महिन्यात नागपूर-चंद्रपूरकडे बंद घरातली हवाच ३५-३६ अंशांवर जाते, तेव्हा हा फरक जवळजवळ उरत नाही. अशा ठिकाणी तापमान-भरपाई असलेला, म्हणजे उकाड्यात आपली संवेदनशीलता वाढवणारा सेन्सर घ्या किंवा पीआयआर आणि मायक्रोवेव्ह दोन्ही असलेला घ्या. पण मायक्रोवेव्ह काच आणि पातळ भिंतीच्या पलीकडेही बघतं, त्यामुळे त्याची पोहोच खोलीपुरतीच आवरा. नाही तर गल्लीतून जाणारी मोटारसायकलही त्याच्या हिशेबात येते.

सेन्सर बसवताना वायर जिथून आत येते ते भोक सिलिकॉनने बुजवा. हे काम दोन मिनिटांचं आहे आणि सगळ्यांत जास्त टाळलं जातं. त्या भोकातून मुंग्या आणि पालीची पिल्लं आत जातात. काचेच्या अगदी पुढे बसलेली पाल सेन्सरला माणसाएवढी मोठी दिसते. पावसाळ्यात रात्री दोन-तीनला विनाकारण वाजणाऱ्या सेन्सरचं झाकण उघडलं की बहुधा आत जाळं किंवा मुंग्यांची अंडी निघतात.

कंपाउंड भिंतीवरच्या इन्फ्रारेड बीमचा, म्हणजे तुटला की इशारा देणाऱ्या अदृश्य किरणाचा, मोह मोठ्या आवारात होतो. मांजर, माकडं, नारळाची झावळी आणि मुसळधार पाऊस हे सगळे तो बीम तोडतात. लावायचाच असेल तर गरजेच्या दुप्पट पल्ल्याचा घ्या, आणि त्यावर भोंगा न वाजवता फक्त आवारातले दिवे लागतील एवढंच जोडा.

वायर: इथे घाई नको

प्रत्येक सेन्सरपासून पॅनेलपर्यंत स्वतंत्र वायर ओढा. गजांचे सेन्सर तेवढे एका रांगेत जोडता येतात. पीआयआर आणि कंपन सेन्सरला ६ कोअर, म्हणजे आत सहा तारा असलेली केबल लागते: दोन वीजपुरवठ्याला, दोन अलार्मला, दोन टॅम्परला. दार-संपर्क, कीपॅड आणि पॅनिक बटणाला ४ कोअर पुरते. या घरात ६ कोअर साधारण १८० मीटर आणि ४ कोअर १९० मीटर लागते. वळणं आणि वाया जाणारी टोकं धरून १५ टक्के वाढवा. ९० मीटरची बंडलं प्रत्येकी ३ घ्या. उरलेली केबल मोकळ्या झोनसाठी एखाद्या कोपऱ्यापर्यंत ओढून ठेवा.

विजेच्या वायरिंगच्या पाइपातून ही केबल कधीही नेऊ नका. दोन्ही समांतर जात असतील तर फूटभर अंतर, एकमेकांना ओलांडायचं असेल तर काटकोनात. पंखा किंवा मोटर सुरू करताच एखादा झोन वाजत असेल तर कारण बहुधा इथेच असतं.

आता भोंग्याची वायर. अलार्मच्या बारीक केबलची तार साधारण ०.२२ चौरस मिलिमीटर असते आणि तिचा रोध मीटरला ०.०८ ओहमच्या आसपास. भोंगा पॅनेलपासून ३५ मीटरवर असेल तर जाऊन-येऊन ७० मीटर, म्हणजे साधारण ५.६ ओहम. भोंगा अर्धा अँपिअर खेचतो, तेव्हा २.८ व्होल्ट वायरमध्येच जातात. बॅटरीवर १२ व्होल्ट असताना भोंग्याला ९.२ मिळतात. तो वाजतो, पण घसा बसल्यासारखा, आणि बॅटरी उतरायला लागली की गप्प. म्हणून भोंग्याला १ चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर द्या. तीच घट साधारण ०.६ व्होल्टवर येते.

यानंतर सगळ्यांत महत्त्वाची तपासणी. प्रत्येक झोनच्या शेवटी एक छोटा रेझिस्टर लागतो. किती ओहमचा ते पॅनेलच्या पुस्तिकेत दिलेलं असतं. २.२ किलोओहम असेल तर त्यावर लाल-लाल-लाल असे तीन पट्टे आणि चौथा बहुधा सोनेरी दिसतो. तो सेन्सरच्या आत, वायरच्या टोकाला असला पाहिजे. पॅनेल रेझिस्टरमधून जाणारा प्रवाह बघत असतं. वायर कापली तर प्रवाह शून्य होतो. दोन्ही तारा एकत्र जोडल्या तर तो एकदम वाढतो. दोन्ही वेळा पॅनेलला कळतं. पण वेळ वाचवायला बरेच कारागीर सगळे रेझिस्टर पॅनेलच्या पेटीतच, टर्मिनलपाशी लावून टाकतात. मग बाहेर दोन तारा एकत्र पिळल्या तर पॅनेलला सगळं ठीकच दिसतं. दार उघडलं तरी. काम झाल्यावर पेटी उघडा. टर्मिनलपाशी रेझिस्टरांची रांग दिसली तर पैसे देण्याआधी ते हलवून घ्या. मल्टिमीटरनेही कळतं. झोनची जोडी पॅनेलवरून सोडवा, दार बंद ठेवून मोजा: २.२ किलोओहमच्या जवळ आलं पाहिजे. दार उघडल्यावर जोडणी तुटलेली दिसली पाहिजे. दार बंद असताना शून्याच्या जवळ आलं तर टोकाला रेझिस्टर नाही किंवा तारा चिकटल्या आहेत.

पॅनेल कुठे आणि बॅटरी किती

पॅनेलची पेटी दाराजवळ नको. घराच्या मध्यात, हालचाल सेन्सर ओलांडल्याशिवाय पोचता येणार नाही अशा जागी, ओल न येणाऱ्या भिंतीवर. वरच्या पॅसेजमधलं कपाट चांगलं. कीपॅड दोन: एक मुख्य दाराच्या आत, खिडकीतून दिसणार नाही असा, दुसरा वरच्या मजल्यावर बेडरूमजवळ. वरचा नसेल तर झोपताना अलार्म लावायला खाली यावं लागतं, आणि कंटाळा येतो.

वीज गेल्यावर किती वेळ चालेल ते मोजूनच बॅटरी घ्या. पॅनेल १०० मिलिअँपिअर, मोबाइल मॉड्यूल (फोन लावणारा भाग) ६०, दोन कीपॅड ८०, पाच हालचाल सेन्सर ७५, नऊ कंपन सेन्सर १३५. बेरीज ४५०. चुंबकी संपर्क काहीच खात नाहीत. पॅनेलसोबत येणारी ७ अँपिअर-अवरची बॅटरी पूर्ण कधीच वापरता येत नाही, ८० टक्के धरा: ५.६ भागिले ०.४५, म्हणजे साधारण साडेबारा तास. शहरात पुरेल. गावाकडच्या बंगल्यात, जिथे वादळात दिवसभर वीज जाते, तिथे २४ तास धरा. ४५० मिलिअँपिअर २४ तासांसाठी १०.८ अँपिअर-अवर होतात, ८० टक्क्यांचा हिशेब लावला की साडेतेरा. म्हणजे १७-१८ अँपिअर-अवरची बॅटरी. पण तुमच्या पॅनेलचा चार्जर एवढी बॅटरी भरू शकतो का, ते पुस्तिकेत बघा, आणि ती पेटीत मावते का तेही. तुमच्या सेन्सरांचे आकडे वेगळे असतील, त्यांच्या कागदावरून हीच बेरीज करा.

पॅनेलला स्वतंत्र एमसीबी द्या आणि त्यावर ठळक लिहा: "अलार्म, बंद करू नये". सुट्टीला गावी निघताना घराचा मेन स्विच बंद करायची सवय आपल्यात घट्ट आहे. तो बंद झाला की पहिल्याच दिवशी बॅटरी संपते आणि पुढचे दहा दिवस घराला पहारा नसतो. निघताना मेन चालू ठेवून बाकीचे एमसीबी एकेक बंद करा.

भोंगा आणि फोन

बाहेरचा भोंगा छज्ज्याखाली, १२ ते १५ फुटांवर, बाल्कनीतून हात पोचणार नाही अशा जागी. स्वतःची बॅटरी असलेला घ्या. वायर कापली तर तो आपण होऊन वाजायला लागतो. आतला भोंगा जिन्यावर, कारण तिथून आवाज दोन्ही मजल्यांत भरतो. वाजण्याची मुदत ५ मिनिटं ठेवा. तासभर वाजणाऱ्या भोंग्याकडे शेजारी पुढच्या वेळी लक्षच देत नाहीत.

मोबाइल डायलर, म्हणजे अलार्म वाजताच फोन लावणारं मॉड्यूल, घेताना ४जीचा घ्या. फक्त २जीवर चालणाऱ्या जुन्या डायलरमध्ये जिओचं सिम चालतच नाही, कारण त्या कंपनीचं २जी जाळंच नाही. पेटीच्या जागेवर रेंज किती येते ते आधी साध्या फोनमध्ये तेच सिम घालून बघा. आणि रिचार्जची मुदत. आठ महिने कोणी फोन न केलेलं सिम बंद पडलेलं असतं आणि ते चोरी झाल्यावर कळतं. तीन नंबर घाला: घरातला एक, चावी ज्यांच्याकडे आहे ते शेजारी, आणि त्याच शहरातला नातेवाईक. पुण्याच्या घराचा पहिला फोन अमेरिकेतल्या मुलाला जाऊन काही होत नाही. ११२ ला माणसानेच, बघून, फोन करावा.

वायरलेस सेन्सर बांधून झालेल्या घरात सोयीचे. पण दगडी वाड्यात, जांभ्याच्या जाड भिंतींत किंवा दोन स्लॅबपलीकडे सिग्नल फार क्षीण होतो. विकत घेण्याआधी एक सेन्सर प्रत्येक फुलीपाशी धरून पॅनेलवर सिग्नल बघून घ्या. दोन्ही प्रकार घेणारं पॅनेल मोठ्या घराला बरं: दारं-गज वायरने, आणि जिथे पोचता येत नाही तिथे वायरलेस.

सेटिंग

बाहेर जाताना ६० सेकंद, आत आल्यावर ३० सेकंद. वयस्कर माणसं असतील तर ४५. विलंब फक्त झोन १ आणि २ ला, बाकी सगळे तत्काळ. एक खाच इथे आहे: मुख्य दारातून कीपॅडपर्यंत जाताना हॉलचा पीआयआर तुम्हाला बघत असेल तर तो "दार आधी उघडलं असेल तरच विलंब" या प्रकारात टाकावा लागतो. नाही तर दारात पाऊल ठेवताच भोंगा.

रात्रीच्या पद्धतीत झोन ९ ते १२ बंद, बाकी चालू. स्वयंपाकाच्या मावशी, ड्रायव्हर, भाडेकरू यांना वेगवेगळे कोड द्या. कोणी काम सोडलं की तेवढा एक कोड काढून टाकता येतो. कारखान्यातून आलेला इन्स्टॉलर कोड, म्हणजे पॅनेलची सेटिंग बदलायचा कोड, त्याच दिवशी, तुमच्या डोळ्यांसमोर बदलून घ्या. तो त्या मॉडेलच्या प्रत्येक पॅनेलला सारखाच असतो आणि पुस्तिकेत छापलेला असतो.

ताबा घेण्याचा दिवस

कारागीर जाण्याआधी घराच्या प्रत्येक दारातून चाला आणि एकाने कीपॅडजवळ उभं राहून झोनचा आकडा मोठ्याने सांगा. झोन ७ वर गच्चीचं दार दिसत असेल तर यादी चुकली आहे. पीआयआरसमोर हळू चाला, मग रांगत जा. मग एमसीबी बंद करून चार तास थांबा. बॅटरीवर तेव्हाही १२ व्होल्टच्या वर दिसलं पाहिजे. भोंगा बॅटरीवर वाजवून बघा, विजेवर नाही. झोनची यादी, वायर कुठून गेली त्याचा नकाशा आणि भिंती बुजवण्याआधीचे फोटो मागून घ्या. बॅटरीवर मार्करने तारीख घाला. उष्ण माळ्यावर ती ३ वर्षांत थकते, थंड जागेत थोडी जास्त टिकते.

पहिले दोन आठवडे भोंगा काढून फक्त फोनवर सूचना येईल असं ठेवा. या काळात जो झोन विनाकारण बोलतो त्याची वेळ वहीत लिहा. दुपारी चारला बोलणारा सेन्सर उन्हाने त्रासलेला असतो, पहाटे बोलणारा किड्यांनी, आणि पाऊस पडताच बोलणारा ओल शिरलेल्या जोडामुळे. प्रत्येकाचं कारण सापडेपर्यंत भोंगा जोडू नका.

गणपतीला किंवा मेच्या सुट्टीत घर बंद करून जाणार असाल तर निघायच्या दोन दिवस आधी, शेवटच्या संध्याकाळी नव्हे, एक दार उघडून पूर्ण चाचणी घ्या: भोंगा वाजला का, तिन्ही नंबरांवर फोन आला का, शेजाऱ्यांकडची चावी अजून त्याच कुलपाची आहे का, आणि सिमची मुदत तुम्ही परत यायच्या तारखेच्या पुढची आहे का.